केसपेपरवर न येणारी गोळी

रायगडच्या किनाऱ्यावर म्हातारं माणूस पडलं की दोष कुणाला द्यायचा हे ठरलेलं आहे. पावसाळा असेल तर शेवाळ, पावसाळा नसेल तर उंबरा, आणि दोन्ही नसेल तर वय. दवाखान्यातल्या केसपेपरवर एक ओळ पडते, 'घरात पाय घसरून पडणे', की विषय संपला. आदल्या रात्री साडेनऊला पाण्याबरोबर घेतलेली इवलीशी गोळी त्या कागदावर येत नाही. डॉक्टर विचारत नाहीत, घरचे सांगत नाहीत, आणि पडलेल्या माणसाला तर ती सांगण्यासारखी गोष्टच वाटत नाही. साळावच्या पुलापासून मुरूडच्या दिशेला माझं मेडिकल आहे. ती गोळी माझ्या नाहीतर माझ्यासारख्याच कुणाच्या काउंटरवरून गेलेली असते, म्हणून हे लिहिते आहे.

झोपेच्या गोळीबद्दल लोकांना भीती नाही असं नाही. भीती आहे, पण ती दोनच गोष्टींची. एक, सवय लागेल. दोन, कुणी एकदम खूप खाईल. सिनेमातल्या त्या बाटलीने आपल्या डोक्यात पक्कं घर केलं आहे. त्यामुळे सून गोळ्यांची स्ट्रिप कपाटात कुलपाखाली ठेवते आणि रात्री मोजून एक गोळी सासूच्या हातावर ठेवते. कर्तव्य झालं! गोळी मोजून, वेळेवर, डॉक्टरांनी सांगितली तेवढीच घेतली, तरीसुद्धा त्या बाई पहाटे तीनला न्हाणीच्या दारात पडू शकतात, ही तिसरी गोष्ट कुणाच्या गावीही नसते. माझं भांडण आहे ते या तिसऱ्या गोष्टीसाठी.

वर्तमानपत्रांतही या औषधांच्या बातम्या येतात त्या मालेगावच्या 'कुत्ता गोळी'च्या. पोलिसांचा छापा, जप्त केलेल्या स्ट्रिपांचा ढीग, मागे उभे साहेब. ती कुत्ता गोळी म्हणजे अल्प्राझोलाम. माझ्या दुकानात नागावकडून येणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांच्या पिशवीत असतं तेही अल्प्राझोलामच, पॉइंट टू फाइव्हचं. रसायन तेच. एकाची बातमी होते आणि दुसऱ्याचा खुबा मोडतो.

आता दुकानात हे घडतं कसं ते पाहा. शनिवारी मुंबईहून मुलगा येतो. गाडी बाहेर चालूच असते. मोबाइलवर चिठ्ठीचा फोटो असतो, तारीख बघावी तर दोन वर्षांपूर्वीची. 'आईला तीन महिन्यांच्या देऊन टाका, सारखं येणं होत नाही.' नाही म्हटलं की आवाज चढतो, 'अहो, चालू गोळी आहे तिची!' दुसरा प्रकार संध्याकाळचा. कोळीवाड्यातली पोरगी रिकामी स्ट्रिप नाचवत येते, 'ताई, आयची झोपंची गोली दे गो.' चिठ्ठी? 'आयनी सांगितलं, ताईला ठावं हाय.' तिसरा प्रकार मला सगळ्यात अवघड जातो. चिठ्ठी ताजी असते, सही-शिक्का बरोबर असतो, आणि दर महिन्याला तेच औषध पुढच्या महिन्यावर ढकललेलं असतं. कधी काळी नवरा गेला तेव्हा पंधरा दिवसांसाठी सुरू केलेली गोळी. नवऱ्याची वर्षश्राद्धं होत राहतात आणि गोळी चालूच.

कायदा आहे आणि तो चांगला आहे. 2013 साली केंद्र सरकारने शेड्यूल एच-वन आणलं, 1 मार्च 2014 पासून ते लागू झालं. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोलपिडेम ही त्यातली. अशी गोळी द्यायची तर डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं हे सगळं वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं सांभाळायचं. मी लिहिते. पण त्या रजिस्टरला कळतं ते गोळी बाहेर किती गेली एवढंच. गोळी घेणारी बाई नंतर कुठे पडली, हे त्या रजिस्टरला कळायची सोय नाही आणि हॉस्पिटलच्या केसपेपरला गोळी कळायची सोय नाही. दोन वह्या, दोन टेबलं, आणि मध्ये अलिबागपर्यंतचा रस्ता.

गोळी शरीरात करते काय, ते समजून घ्यायला हवं. मेंदूत 'गाबा' नावाचं एक रसायन असतं, त्याचं काम मज्जापेशींना शांत करणं. ही औषधं त्या गाबाचा जोर वाढवतात. झोप येते ती त्यामुळेच. पण मेंदूत झोपेपुरतं वेगळं बटण नसतं. चिंता, स्नायूंचा ताण, तोल, आठवण, हात-पाय झटकन सावरण्याची चपळाई, या सगळ्यांवर एकदमच पडदा ओढला जातो. तरण्या माणसाचं यकृत औषध बऱ्यापैकी वेगाने मोडून टाकतं. सत्तरीतल्या माणसाचं तसं नाही. अल्प्राझोलामचा निम्मा अंश शरीरातून जायला तरुणात साधारण अकरा तास लागतात, वय वाढलं की सोळाच्या घरात. डायझेपामचं तर विचारूच नका, त्यापासून शरीरात तयार होणारं रसायनही गुंगी आणतं आणि ते कित्येक दिवस रेंगाळतं. म्हणजे सोमवारची गोळी संपायच्या आत मंगळवारची येते, तिच्यावर बुधवारची. आजी म्हणतात, 'सकाळी जरा जड जड वाटतं.' घरचे म्हणतात, वय झालं.

हे कुणी नव्याने शोधून काढलेलं नाही. वेन रे या अमेरिकन संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1987 साली खुब्याचं हाड मोडलेल्या 1021 वृद्धांची औषधं तपासली, हाड न मोडलेल्या पाच हजारांहून अधिक वृद्धांशी ताडून पाहिली, आणि शरीरात लांब रेंगाळणाऱ्या झोपेच्या-चिंतेच्या गोळ्या घेणाऱ्यांत फ्रॅक्चरचा धोका जवळजवळ पावणेदोन पट दिसला. लवकर उतरणाऱ्या गोळ्या त्या पाहणीत सुटल्या, पुढच्या अभ्यासांत त्यांचीही सुटका झाली नाही. वृद्धांना कोणती औषधं शक्यतो देऊ नयेत याची 'बिअर्स' नावाची यादी 1991 पासून आहे. आज त्या यादीत या गोळ्यांचा अख्खा गट बसतो. डॉक्टरांना हे शिकवलेलं असतं. पण ओपीडीत समोर चाळीस माणसं बसलेली असतात, आणि 'झोप येत नाही' या तक्रारीवर दोन मिनिटांत देता येण्याजोगं दुसरं काही नसतं. मी त्यांना फार दोष देत नाही.

आता आमच्याकडचं घर बघा. पुढे ओटी, मग माजघर, स्वयंपाकघर, मागे पडवी. दर दाराला उंबरा, आणि जुन्या घरात तो वीतभर उंच. आजी माजघरात निजतात, कारण तिथे गार असतं. संडास सरकारी अनुदानात बांधला, चांगला बांधला, पण मागच्या अंगणात. पडवीतून जांभ्याच्या दोन पायऱ्या उतरायच्या, चार पावलं वाडीच्या ओल्या मातीवरून जायचं, परत एक पायरी चढायची. दिव्याचं बटण दाराच्या आत, म्हणजे अंधारातून जाऊन मग लावायचं. पाऊस झोडपत असला की वीज गेलेलीच असते. रक्तदाबाची गोळी रात्री घेतलेली, तिने लघवीला उठवलेलं. झटकन उठलं की रक्तदाब खाली, डोळ्यांपुढे अंधारी. अशा वेळी धडधाकट माणूससुद्धा चौकट धरून क्षणभर थांबतो. गुंगीतल्या माणसाला थांबायचं सुचत नाही. पाय अडखळला तर हात पुढे यायला जो पाव सेकंद लागतो तो गोळीने खाल्लेला असतो. मग हाताऐवजी खुबा आधी जमिनीला लागतो.

आमच्या शेजारच्या वाडीतल्या एक आजी अशाच पडल्या. सुपारी सोलायला आडकित्ता घेऊन बसल्या की तरण्या बायकांना मागे टाकणाऱ्या. पडल्या ते शेवाळावरून असंच सगळे म्हणाले, आणि शेवाळ होतंही. ऑपरेशन होऊन घरी आल्यावर त्यांच्या मुलीने औषधांची सगळी पिशवी माझ्या काउंटरवर उपडी केली, 'यातलं काय चालू ठेवायचं ते सांगा.' एक झोपेची गोळी, ती गावातल्या डॉक्टरांची. एक 'गॅसची' गोळी, ती पोटाच्या डॉक्टरांची. स्ट्रिपच्या मागची बारीक अक्षरं वाचली तर क्लिडिनियमच्या जोडीला क्लोरडायझेपॉक्साइड. म्हणजे पोटाच्या नावाखाली गुंगीच्या गोळ्यांच्याच कुटुंबातली दुसरी! एक कंबरदुखीसाठी अॅमिट्रिप्टिलिन, ती हाडांच्या डॉक्टरांची, तीही झोप आणणारी. आणि खोकल्याचं औषध, कुणाच्याच चिठ्ठीवर नसलेलं, त्यात क्लोरफेनिरामिन. चौघं चार दारांनी घरात शिरलेले, आणि एकाही डॉक्टरला बाकीच्या तिघांचा पत्ता नाही. मी मुलीला एवढंच सांगितलं, ही पिशवी अशीच्या अशी उचला आणि एकाच डॉक्टरांपुढे ओता. आजी आता वॉकर घेऊन ओटीपर्यंत येतात. आडकित्ता सुनेकडे गेला.

खुबा मोडणं म्हणजे नुसतं हाड मोडणं नव्हे. त्यानंतरच्या वर्षभरात साधारण पाचातला एक वृद्ध दगावतो, असं निरनिराळ्या देशांतल्या पाहण्या सांगतात. जगभरात दरवर्षी पडून 6 लाख 84 हजार माणसं मरतात, हा जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा. अपघाती मृत्यूंत रस्त्यानंतर पडण्याचाच नंबर लागतो. रस्ता सुरक्षा सप्ताह आपण पाळतो, फलक लावतो, शाळेतल्या मुलांच्या रॅल्या काढतो. न्हाणीच्या दारासाठी कुणी रॅली काढल्याचं मला आठवत नाही.

रस्त्याचा विषय निघालाच आहे तर तोही बोलू. मोटार वाहन कायद्याचं कलम 185 दारूपुरतं नाही, गाडीवर ताबा राहणार नाही इतपत कोणत्याही औषधाच्या अमलाखाली गाडी चालवणं हाही त्यात गुन्हा आहे. पण नाक्यावर पोलिसाच्या हातात असतं ते फुंकायचं यंत्र, आणि त्याला फक्त दारू कळते. ब्रिटनने 2015 पासून डायझेपाम, क्लोनाझेपाम अशा औषधांच्या रक्तातल्या मर्यादा कायद्याने ठरवून दिल्या. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2013 साली बायकांसाठी झोलपिडेमचा डोस निम्म्यावर आणला, कारण रात्री घेतलेली गोळी सकाळी गाडी चालवताना रक्तात शिल्लक सापडत होती. आपल्याकडे सकाळी सातला आंबोळी खाऊन स्कूटरवर बसणाऱ्या माणसाला कुणी विचारत नाही, काल रात्री काय घेतलं होतंस?

आणि हे फक्त म्हाताऱ्यांचं नाही. पर्यटकांचंच घ्या. सुट्टीच्या दिवशी मांडव्याच्या बोटीत बसण्याआधी अख्खं कुटुंब 'उलटीची गोळी' घेतं. त्यातली बहुतेकांच्या तोंडी असलेली अॅव्होमिन म्हणजे प्रोमेथाझिन, पहिल्या पिढीतलं अॅलर्जीचं औषध, चांगलंच झोप आणणारं. लाटांसाठी ठीक आहे. पण तासाभराने तोच गृहस्थ भाड्याची स्कूटर घेऊन रेवदंडा, साळाव करत काशीदला निघतो, फणसाडच्या जंगलातल्या वळणांवरून. दुपारी बिअर. मग वाळूत चार चाकी मोटारबाइक, मागे मुलगी बसलेली. प्रोमेथाझिन अजून अंगात आहे आणि त्याच्यावर दारू! संध्याकाळी दुकानात हळद-पट्टी-मलम मागायला येतात तेव्हा म्हणतात, 'इकडचे रस्ते फारच खराब आहेत हो.' रस्ते खराब आहेतच, त्याबद्दल वाद नाही.

बोटीवरच्या खलाशांचं वेगळंच. चार-पाच रात्री जाळी ओढून आलेल्या शरीराला किनाऱ्यावर दिवसा झोप लागत नाही, म्हणून गोळी मागतात. दुसऱ्या दिवशी बर्फ भरून पुन्हा खोल पाण्यात. हलत्या डेकवर, विंचच्या दोराशेजारी, मंदावलेली प्रतिक्रिया म्हणजे काय हे बोटीच्या प्रमुखाला, तांडेलाला, माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्यातले काही तांडेल आता गोळी खाऊन आलेल्याला बोटीवर घेत नाहीत. कायद्याने त्यांना हे शिकवलेलं नाही.

मग लोकांनी झोपायचं कसं, असा प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला जमिनीवर आलं, त्यानंतर आमच्या या पट्ट्यात झोपेच्या तक्रारी वाढलेल्या मी काउंटरवरून पाहिल्या. तीस-चाळीस वर्षांच्या सुपारीच्या वाड्या दुपारच्या काही तासांत आडव्या झाल्या, कौलं उडाली, कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. वारा वाढला की उठून बसणारी माणसं आजही आहेत. अशांना 'मन घट्ट करा' म्हणणं निर्दयपणाचं आहे. थोड्या दिवसांसाठी गोळी, डॉक्टरांच्या नजरेखाली, हा उपाय बरोबरच होता. चूक आहे ती थोडे दिवस कधी संपले हे कुणीच न सांगण्यात.

आणि एक स्पष्ट बोलते, घरच्यांना राग आला तरी. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याअधिक तक्रारींत आजार नसतो, घड्याळ असतं. आजी साडेआठला जेवून नऊला आडव्या होतात, दुपारी दोन तास झोपलेल्या असतात, रात्री तीनला जाग येते. हिशेब केला तर आठ तास होतात! पण घर सातला उठतं आणि तोपर्यंत त्यांनी खुडबुड केलेली सुनेला नको असते. याच आजी तरुणपणी पहाटे तीनला उठून लिलावाला जायच्या, मासळीची पाटी डोक्यावर घेऊन. तेव्हा त्यांना कष्टाळू म्हणायचे, आता निद्रानाश म्हणतात. दुपारची झोप कमी करणं, संध्याकाळी पाचनंतरचा चहा बंद करणं, गुडघ्याच्या दुखण्यावर इलाज करणं, प्रोस्टेट तपासून घेणं आणि पहाटे उठलेल्या माणसाला ओटीवर दिवा लावून बसू देणं, यातल्या कशालाच माझ्या दुकानातून काही विकत घ्यावं लागत नाही.

हे वाचून कुणी आजच रात्री आईची गोळी बंद करायला जाईल, तर हात जोडते, तसं करू नका. वर्षानुवर्षं चाललेली गोळी एकदम तोडली तर झोप पार उडते, हात थरथरतात, घाबरं होतं, काहींना आकडी येते. डॉक्टरांच्या सल्ल्याने आठवड्या-आठवड्याने, पाव-पाव करत, कधी महिनोन्महिने लावून उतरवायची असते. ते जमतं. कॅनडातल्या क्यूबेकमध्ये 2014 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला फार आवडतो, कारण तो औषधांच्या दुकानांतून झाला. पासष्टीपुढच्या, कायमची गोळी घेणाऱ्या माणसांना एक साधी पुस्तिका दिली. ही गोळी काय करते, पडण्याचा धोका कसा वाढतो, हळूहळू कशी कमी करायची, एवढंच त्यात. सहा महिन्यांत 27 टक्के लोकांनी गोळी पूर्ण सोडली. पुस्तिका न दिलेल्यांत हे प्रमाण 5 टक्के होतं. माणसांना नीट सांगितलं तर ती ऐकतात, वय कितीही असो.

तेव्हा रायगड जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडे माझं मागणं छोटं आहे. आशाताई घरोघर जाऊन जो तपासणीचा फॉर्म भरतात, त्यात साठीपुढच्या माणसांसाठी 'उभं राहताना, चालताना तोल जातो का' असा प्रश्न आहे. त्याच्याच खाली दुसरा घाला, 'रात्री झोपेची किंवा शांत वाटण्याची गोळी घेता का, कधीपासून?' दोन्हींना 'हो' आलं की त्या घराची औषधांची पिशवी प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांसमोर ओतली गेली पाहिजे. अलिबागच्या जिल्हा रुग्णालयापासून खाली मुरूड, श्रीवर्धन, म्हसळ्यापर्यंत पडून आलेल्या प्रत्येक माणसाच्या केसपेपरवर 'गेल्या चोवीस तासांत घेतलेली औषधं' असा रकाना हवा, वय सत्तर असो की तीस. यंत्र लागत नाही, निधी लागत नाही, पेन लागतं. ज्यांना झोपेमागची काळजी बोलायची आहे त्यांच्यासाठी टेलि-मानसचा 14416 हा मोफत क्रमांक 2022 पासून चालू आहे आणि त्यावर मराठीत बोलता येतं. त्या क्रमांकाचा कागद मी काउंटरच्या काचेखाली ठेवला आहे. दुसऱ्या दुकानदारांनीही ठेवावा, आणि दोन वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीचा फोटो दाखवणाऱ्या मुलाला त्याच काचेवर बोट ठेवून सांगावं, की आधी आईला डॉक्टरांकडे घेऊन जा, गाडी बाहेर चालू राहिली तरी चालेल.